मावशींची मिश्री

आज मी जालन्यात धडधाकट उभा आहे तो आमच्या खानावळीच्या मावशींमुळे, हे आधी सांगतो. बाकीचं नंतर. "आधी जेव, मंग बोल," असं त्या चुलीपासूनच ओरडायच्या आणि उलथन्यानं बसायची जागा दाखवायच्या.

अशी एखादी बाई तुमच्याही ओळखीत असेल. आपल्या ताटात भाकरी कमी पडली हे तिला लांबून दिसतं. ती स्वतः जेवली का, हे कुणालाच ठाऊक नसतं.

मी गडचिरोलीकडचा. आठवीत शाळा सुटली आणि इथं लोखंडाच्या कारखान्यात आलो. रात्रपाळी, अर्धवट झोप, गालात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा. पहिल्याच उन्हाळ्यात ताप भरला, गुडघा सुजला. मेलो तर घरी कोण कळवणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. मावशींनी खानावळीला कुलूप घातलं, मला रिक्षात कोंबलं आणि जुन्या जालन्यातल्या डॉक्टरांकडे नेलं.

रक्त तपासलं, त्यात सूज मोजणारा सीआरपीचा आकडा चढा निघाला. अंगात सूज धुमसते आहे एवढं हा आकडा सांगतो, कुठं ते सांगत नाही, असं डॉक्टर म्हणाले. औषधं दिली. झोप पुरी घे, खर्रा सोड, म्हणाले. तेव्हापासून जेवायच्या आधी मावशी माझे खिसे तपासायच्या.

"हे काय?"

"सुपारी आहे जी."

"जी जी करून तंबाखू झाकून राह्यला का? टाक!"

माझा आकडा उतरला. पुढं मावशींनाच दम लागायला लागला. पिठाचा डबा उचलला की भिंतीला टेकायच्या. "वय झालं लेकरा," म्हणायच्या. या वेळी रिक्षा मी आणली. त्यांचा आकडा माझ्यापेक्षा चढा निघाला.

"तंबाखू खाता?" डॉक्टरांनी विचारलं.

"छ्या! हातसुद्धा लावत न्हाई."

त्या खोटं बोलत नव्हत्या. तव्यावर काळी भाजलेली तंबाखूची मिश्री रोज सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना चोळायच्या. पण त्यांच्या लेखी ते दाताचं औषध. हसनाबादला लहानपणी दाढ दुखली तेव्हा आईनंच लावून दिलेलं. बोट तोंडात असताना आमच्याशी नुसतं "हूं, हूं" बोलायच्या.

मी भीतभीत म्हणालो, "मिश्री लावतात जी."

डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं. बराच वेळ बघितलं. "मावशी, ही तंबाखूच आहे. हिरड्या किती सुजल्यात बघा. त्यात झोप नाही, वजन वाढलेलं. हे सगळं हृदयावर येतं."

बाहेर आल्यावर त्या पायरीवरच बसल्या. "खर्र्याचा बदला घेतला व्हय रे?" म्हणाल्या. हसल्या, पण डोळे घाबरलेले होते.

मिश्री सोडली. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, भाजीत दोनदा मीठ पडायचं. कुणी तोंड वाकडं केलं की ओरडायच्या, "गुमान खा! माझी मिश्री सुटून राह्यली!" पुढच्या तपासणीत आकडा थोडा खाली आला. तो कागद त्यांनी एकेकाच्या ताटासमोर धरून दाखवला. लेक परीक्षेत पास झाल्यासारखा चेहरा.

थंडीत एका सकाळी रात्रपाळीहून आलो तर गल्लीत डाळ करपल्याचा वास. शेगडी पेटलेली. मावशी भिंतीला टेकून बसलेल्या, मान एका अंगाला. मी हाका मारत राहिलो.

इतक्या वर्षांचं थोड्या महिन्यांत कसं भरून निघेल, असं डॉक्टर म्हणाले. हसनाबादला मावशींच्या अंत्यविधीत बुद्धवंदना झाली. मी मागं उभा होतो. त्यांच्या नात्यातल्या म्हाताऱ्या बाया रडत होत्या, आणि प्रत्येकीचं बोट काळं.

परवा आईचा फोन आला. बोलता बोलता थांबली आणि थुंकली. गावाकडं बायाही खर्रा खातात. ते थुंकणं मी जन्मभर ऐकत आलोय. परवा मात्र मावशींचं बोट आठवलं.

मावशी, आईला इथं आणीन. तुमच्याच डॉक्टरांपुढं बसवीन आणि त्यांनी विचारायच्या आत सगळं सांगून टाकीन. ती चिडेल, बोलणं टाकेल. टाकू दे. तुमचं माझ्यावर जे आहे ते असंच फेडीन, एक ना एक दिवस.