कुंदानं पेटवलेली चूल

मरोळच्या औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवणारी कुंदा. गिरणी बंद पडून नवरा घरी बसला, तेव्हा पदर खोचून कामाला बाहेर पडली ती पडलीच. शहाऐंशीच्या नाताळात तिच्या मनात आलं, खात्यातल्या बायकांना गोराईला एक रात्र मुक्कामाला न्यायचं. नवरे नाहीत, पोरं नाहीत. जयाच्या सासऱ्याला तर ती घरी जाऊन सांगून आली होती, माझ्या जबाबदारीवर पाठवा. हात हलवत परत गेलो, तर यांतल्या एकीलाही पुन्हा कुणी सोडणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

घर जयवंतचं. बोरिवलीच्या बाजारात तो भाजी विकायला यायचा. तिथंच त्यानं विसार घेतलेला. खाडी ओलांडून बायका दारात पोचल्या, तर हा डोकं खाजवत उभा. घर दुसऱ्याच पार्टीला देऊन बसला होता आणि ती संध्याकाळी यायची होती. आधी म्हणाला, निरोप धाडला होता. कुणाबरोबर, ते सांगता येईना. मग म्हणाला, पुढच्या रविवारी या, झकास सोय करतो. बायकांची तोंडं उतरली. दारातून माणसं तशीच कशी धाडायची, म्हणून तो रीतीप्रमाणे बोलून गेला, "उन्हातनं आलात, जेवून तरी जा."

"जेवतो ना," म्हणत कुंदा सरळ आत शिरली.

जेवण पलीकडे आमच्या घरी, असं तो मागून सांगत राहिला. तोवर तिनं मागच्या पडवीत चूल पेटवून, पिशवीतले तांदूळ काढून भात चढवलासुद्धा. जयाला कांदे चिरायला बसवलं.

जयवंतनं बायकोला, मालनला, बोलावून आणलं. बाईचं बाई ऐकेल, हा त्याचा हिशोब. मालन चुलीपाशी येऊन थबकली.

"गो बाय, भात उकळता हा," कुंदा शांतपणे म्हणाली. "तो घेवन आमी खंय जाव?"

ज्यांचा भात चुलीवर, ती माणसं त्या दिवशी त्या घरची, हे मालनला कुणी शिकवायला नको होतं. ती नवऱ्याकडे वळली. "रांधत्या बायांना उठवतोस? तुझ्या पार्टीला आपल्या घरात घे. आपण ओटीवर निजू."

"अगं, ती मोठी माणसं..."

"मग जा धक्क्यावर, आणि तूच सांग त्यांना."

जयवंत चपला शोधत निघाला.

"कुंदाताई, राहायचं ना मग?" जयानं हळूच विचारलं.

"नायतर काय. कांदो बारीक चीर."