उघडलं की बंद करणारे साडूभाऊ

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही त्यांनाही, शक्य तितक्या गंभीर चेहऱ्याने कळवण्यात येते की, सिंधुदुर्ग जिल्ह्यात उघडलेली प्रत्येक गोष्ट बंद करणारा आता एकच माणूस उरला आहे, आणि तो माझा साडू आहे. दार, नळ, छत्री, लोणच्याची बरणी हे काय, कुणीही बंद करील. साडूभाऊ गप्पा बंद करतात, जेवण बंद करतात, आणि भांडण तर अर्धवट सोडून कुणाला उठूच देत नाहीत. नीट बंद करून घेतात आणि मगच चहा देतात.

हे वेड त्यांना मुंबईच्या नोकरीत लागलं. तिथे त्यांनी उमेदीची सगळी वर्षं एक ब्राउझर तयार करण्यात घालवली. तुमच्या-माझ्या फोनात असतो तो नव्हे. साडूभाऊंचा ब्राउझर बातम्या दाखवत नाही, गाणी वाजवत नाही, क्रिकेटचा स्कोअर सांगणं तर त्याला पाप वाटतं. तो फक्त टॅग लावलेले दस्तऐवज दाखवतो. म्हणजे काय, हे त्यांनी मला मालवणच्या बाजारात, माझ्या हातात ताज्या बांगड्यांची पिशवी असताना समजावून सांगितलं. मजकुराच्या आधी त्याच्या नावाची एक खूण, आणि मजकूर संपला की त्याच नावाची दुसरी, बंद करायची खूण. डब्यात डबा, त्या डब्यात आणखी डबा, आणि प्रत्येकाला ज्याचं त्याचं झाकण. सगळी झाकणं बसली असतील तर ब्राउझर त्या डब्यांचं एक सुंदर झाड काढून दाखवतो, हवी ती फांदी मिटा, हवी ती उघडा. पण एक जरी झाकण लावायचं राहिलं, तर झाड नाही, पान नाही, नुसती लाल पट्टी येते: ‘अपूर्ण. दाखवता येत नाही.’ “बाकीचे ब्राउझर चूक झाकतत,” साडूभाऊ म्हणाले, “माझो झाकणा नाय.” मी विचारलं, चूक कुठे आहे ते तरी सांगतो का? “नाय. सांगितला तर माणूस शोधूक शिकतलो कसो?” एव्हाना बांगड्यांना वास यायला लागला होता.

नोकरी सोडून ते धामापूरच्या पलीकडे आपल्या गावी येऊन राहिले आणि त्यांनी दिसेल त्याला टॅग लावायला घेतले. काजूची झाडं, विहिरी, शेजारी, शेजाऱ्यांचे कुत्रे. एकदा मोठ्या प्रेमाने मला आमच्या सासऱ्यांचं सगळं कुटुंब त्या ब्राउझरमध्ये उघडून दाखवलं. सासऱ्यांच्या डब्यात लेकी, लेकींच्या डब्यात नातवंडं. मी स्वतःला शोधतोय, सापडेना. शेवटी बायकोच्या डब्यावर एका कोपऱ्यात बारीक अक्षरात दिसलो. “तुका वेगळो डबो नाय,” साडूभाऊ समजूत घालत म्हणाले, “तू तिचो गुणधर्म.” तेव्हापासून आमच्या घरात हा शब्द वारंवार वापरला जातो, आणि मी वापरत नाही.

जेवणाचंही तेच. सोलकढीचा शेवटचा घोट म्हणजे जेवणाचं झाकण. त्यानंतर कुणी तळलेला सुरमईचा तुकडा ताटात टाकला, तर ते त्याच्याकडे पाहुणा दाराबाहेर राहिल्यासारखे हळहळून बघतात. “आता खंय घालू ह्येका? जेवण बंद झाला.” तळेरेच्या स्टँडवर तर एका अनोळखी गृहस्थाने आपल्या मेव्हण्याच्या मोडलेल्या लग्नाची गोष्ट सुरू केली आणि मध्येच विजयदुर्गची गाडी लागली म्हणून तो उठला. साडूभाऊंना जायचं होतं कणकवलीला. पण मेव्हणा उघडा टाकून जायचं कसं? तेही विजयदुर्गच्या गाडीत चढले. दिवेलागणीला घरी फोन आला, “मेव्हण्याचा लग्न झाला एकदाचा. आता परततंय.”

या सगळ्यात माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे त्यांची बायको, आमची ताई कुठे होती? स्वयंपाकघरात. साडूभाऊ रोज संध्याकाळी उंबऱ्यावर बसून तिला दिवसभरात कुठला डबा कुठे बसवला ते सांगायचे आणि ती मासळी साफ करता करता, मान वर न करता, “व्हय, व्हय” म्हणायची. कधी कंटाळली तर टोमणा मारायची, “डब्यात डबो झालो, आता गिरणीचो डबो तेवढो उचला.” ती एक अक्षर ऐकत नाही, हे साडूभाऊंनी केव्हाच मान्य करून टाकलं होतं. “भिंतीक सांगण्यापेक्षा बरा,” म्हणायचे, “भिंत व्हय म्हणणा नाय.”

आणि मग दादांचं आजारपण आलं. दादा म्हणजे साडूभाऊंचे थोरले भाऊ. गावच्या जत्रेला देवासमोर गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराचा. सगळ्या गावाचं सुखदुःख एकाने मोठ्याने देवाला सांगायचं आणि प्रत्येक मागण्यानंतर गावाने “व्हय म्हाराजा” म्हणायचं. दादांचं गाऱ्हाणं ऐकायला मुंबईचे लोक रजा टाकून यायचे. गेल्या पावसात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. आपल्या वाचेबरोबर ते शब्दही गेले, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. साडूभाऊंनी जुनी रेकॉर्डिंगं मिळवून दादांचं अख्खं गाऱ्हाणं ब्राउझरमध्ये बसवलं आणि भावाला शब्द दिला, की तू नुसता येऊन बस, तुझा एक शब्द गळणार नाही. साडूभाऊंचं पाठांतर शून्य. मी म्हटलं, कागदावर छापून घ्या. तर म्हणाले, “कागदाक चूक समाजणा नाय.”

जत्रेच्या दिवशी दादा खुर्चीत बसून आले. ढोल सुरू झाला. तेवढ्यात शेजारचा एक गडी घाईघाईने साडूभाऊंना गाठून, ढोलावर आवाज चढवून म्हणाला, “माजी म्हस दूद देणा नाय, तेवढा घाल रे मधी.” मागण्याला नाही म्हणायचं नसतं. साडूभाऊंनी उभ्या उभ्या टॅबलेटवर, योग्य त्या डब्यात, म्हैस उघडली. तेवढ्यात ढोल थांबला. सगळा गाव हात जोडून उभा. साडूभाऊंनी घसा साफ केला, पडद्याकडे बघितलं, आणि मागे उभ्या असलेल्या मलाही ती लाल पट्टी दिसली: ‘अपूर्ण. दाखवता येत नाही.’

आयुष्यभर दुसऱ्यांची झाकणं तपासणाऱ्या माणसाचा चेहरा त्या क्षणी कसा झाला, ते मी सांगणार नाही. मी विनोदी माणूस आहे. ते वर गेले, खाली गेले, पुन्हा वर. चूक सापडेना, कारण ब्राउझर चूक सांगत नाही, कारण माणूस शोधायला शिकला पाहिजे. मागे कुजबूज सुरू झाली, की औंदा दुसऱ्या कुणीतरी घालूया. दादांनी मान खाली घातली.

गाऱ्हाणं झालं, हे आधीच सांगून टाकतो. दादांच्या शब्दांत, शेवटच्या मागण्यापर्यंत झालं. प्रत्येक वेळी गावाने “व्हय म्हाराजा” म्हटलं की दादांचा बरा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटायचा. संध्याकाळी साडूभाऊ मला धामापूरच्या तळ्यावर घेऊन गेले. मला वाटलं, भावाबद्दल बोलतील. ते म्हणाले, “इतकी वर्सा ती आयकत होती रे.” एवढंच. ते वाक्य त्यांनी बंद केलं नाही, आणि मीही करायला सांगितलं नाही.

तर मधलं राहिलं. कुजबूज वाढली, दादांची मान खाली, साडूभाऊंचं बोट पडद्यावर वर-खाली फिरतंय, आणि बायकांच्या घोळक्यातून, जिथून गाऱ्हाण्याच्या वेळी कुणी चकार शब्द काढत नाही, तिथून आमची ताई, नवऱ्याला मासळीच्या वासात वर्षानुवर्षं “व्हय, व्हय” म्हणत आलेली ताई, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेली:

“अवो, मगासची म्हस उघडीच रवली आसा, तिका आधी बंद करा.”