हनुवटीखालचा हात

मंडळी, आज दुपारी माझी नात नोकरीची मुलाखत देऊन केडगावला घरी आली. लेखी परीक्षेत ती पहिली होती. ती स्वमग्न आहे, बोलताना कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. मुलाखत घेणाऱ्यांनी तिला सांगितलं, "आधी माणसांकडे बघायला शिका, मग या."

मला बाहत्तरचा दुष्काळ आठवला. मिरजगावजवळ खडी फोडायचं सरकारी काम निघालं होतं आणि हजेरी मांडायला कारकून हवा होता. माझा थोरला भाऊ दत्तू नातीसारखाच. स्वमग्न हा शब्द तेव्हा आमच्यापर्यंत आला नव्हता. कारकून निवडायला आलेल्या साहेबांनी साठ मजुरांची नावं एकदाच वाचली. दत्तूनं जमिनीकडे बघत ती ओळीनं, बापाच्या नावासकट म्हणून दाखवली.

मुकादम हसला. "सायेब, डोकं लई हाय, पन येडं हाय वो. लोकं ऐकतील व्हय याचं?"

आईनं धावत जाऊन दत्तूची हनुवटी वर केली. "बघ की रं सायबाकडं! एकदाच बघ!"

दत्तूनं डोळे घट्ट मिटले. दुसऱ्या दिवसापासून तो खडी फोडायला बसला. रोज हजेरीला कारकुनाच्या आधी त्याच्याच तोंडून नावं यायची.

आज नात आरशासमोर बसून डोळ्यांत बघायचा सराव करत होती. "आजोबा, जमत नाही हो," म्हणाली. मी जवळ गेलो आणि नकळत तिची हनुवटी वर केली.

तिनं डोळे घट्ट मिटले.

सोमवारी तिची दुसऱ्या ठिकाणी मुलाखत आहे. तिला काय सांगू?