तिच्या नावाचं एकही पान नव्हतं

तिसरीच्या बाईंचं शाळेत वजन होतं. बावीस वर्षांची नोकरी, खणखणीत आवाज, आणि हात कायम डिंकाने नाहीतर रंगाने माखलेले. तराजू शिकवायचा तर आधी मुलांकडून तराजू बनवून घ्यायचा, ही त्यांची रीत. वर्गाच्या भिंतीवर त्यांनी पुठ्ठ्याचं भलंमोठं झाड लावलं होतं. कुणी कुणाला मदत केली की हिरव्या कागदाच्या पानावर त्याचं नाव लिहून ते झाडाला चिकटवायचं.

त्या वर्षी वर्गात एक नवी मुलगी आली. डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार, काखेत कुबडी. पोरांनी तिला अगदी डोक्यावर घेतलं. कुणी तिचं दप्तर उचलायचं, कुणी पाण्याची बाटली भरून आणायचं. महिन्याभरात झाड गच्च भरलं. शिक्षकांच्या शिबिरात बाईंनी या झाडावर अर्धा तास भाषण ठोकलं आणि टाळ्या घेऊन आल्या.

एकदा मधली सुट्टी संपता संपता दारात आरडाओरडा ऐकू आला. वर्गातल्या दोघी एका दप्तराला झोंबत होत्या.

"सोड, आज माझा नंबर आहे!"

"तू काल दोन पानं घेतलीस!"

दप्तर अजून त्या नव्या मुलीच्या खांद्यावरच होतं. ओढाताणीत तिची कुबडी निसटली आणि ती भिंतीला धरून कशीबशी सावरली.

बाईंनी कुबडी उचलून दिली, दोघींना दटावलं आणि सवयीने बोलून गेल्या, "अगं, आळीपाळीने करा ना मदत!"

मुलीने मान वर केली. "बाई, माझं पान कधी लागणार?"

"तुझं?"

"सगळ्यांची माझ्यामुळे लागली. माझं एकपण नाही."

बाईंनी झाडाकडे पाहिलं. वर्गातल्या सगळ्या पोरांची नावं होती, काहींची तर दहा-दहा वेळा. तिचं नाव खरंच कुठे नव्हतं. बाईंचे कान गरम झाले. त्या वळून आधीच कोरा असलेला फळा पुसू लागल्या.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं.

"लहान पोर आहे, उद्या विसरेल," तो म्हणाला.

"ती विसरेल हो. माझं काय?"

ताटावर बसल्या. एकेक आठवत गेलं. तराजू केला तेव्हा तिला काय दिलं होतं? वही. मातीची धरणं बांधली तेव्हा? वहीच. "तू बस बाळ, लिहून घे," हे वाक्य आपण किती गोड आवाजात म्हणायचो, तेही आठवलं. पोरं बिचारी आपलंच बघून शिकली होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्टुलावर चढून झाड उतरवलं. पोरं कुजबुजायला लागली. बाई त्या मुलीच्या बाकाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माझं चुकलं. मी तुला कधी कामच दिलं नाही. सांग, तुला काय करायचंय?"

तिने थोडा विचार केला. "मला खाली बसायचंय. सगळ्यांसारखं."

त्या दिवशी बागेत पाणी नेण्यासाठी नळ्या जोडायच्या होत्या. ती पट्ट्यांचा पाय लांब पसरून चिखलात बसली. पहिला जोड तिने उलटा बसवला. पाण्याची चिळकांडी थेट बाईंच्या तोंडावर उडाली तशी ती खदाखदा हसली. मग कालच्या भांडकुदळ पोरींपैकी एकीला म्हणाली, "तू नुसती धर गं. मी पिळते." दुसरा जोड मात्र थेंबभरही गळला नाही.

शाळा सुटल्यावर तिची आई दाराशी आली. लेकीचा फ्रॉक चिखलाने बरबटलेला. आता तक्रार येणार, असं बाईंना वाटलं.

"आज ही पहिल्यांदा अशी मळलीय," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणूनच पुढचं जास्त लागलं. "बाई, रोज घरी येऊन विचारायची, मला का नाही करू देत. मी म्हणायचे, बाईंना तुझी काळजी वाटते. खोटं नव्हतं ना ते?"

"खोटं नव्हतं," बाई म्हणाल्या. पण पूर्ण खरंही नव्हतं. वर्ग वेळेत आटपायचा असायचा, तिला वेळ लागला असता, हे त्यांना ठाऊक होतं. तेवढं तोंडातून निघालं नाही. आई मान डोलवून लेकीला घेऊन गेली, आणि बाई ओल्या पदराने तोंड पुसत वर्गात परतल्या.