जुव्यावरचं मांजर

हळर्णच्या खालच्या अंगाला नदीत एक जुवें होतं. जुवें म्हणजे आमच्याकडे नदीतलं बेट. वस्ती नाही. एका टोकाला राखणदार देवाची छोटी घुमटी, बाकी खारफुटी आणि दुसऱ्या टोकाला पसरलेली वाळू. शिमग्याच्या सुमाराला त्या वाळूत कुरव पक्षी उतरायचे, काळ्या टोपीचे, राखी पंखांचे. घरटं कसलं, वाळूत नुसता खळगा, आणि त्यात वाळूच्याच रंगाची ठिपकेदार अंडी. जुव्यावर उंदीर नव्हते, मांजर नव्हतं, म्हणून ती तिथे टिकत. ते तसंच ठेवणं ही माझी वनखात्यातली नोकरी.

गोवा राज्य झालं त्याच्या मागच्या-पुढच्या वर्षांतली ही गोष्ट. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी. म्हापशाला जाऊन बी.एस्सी. झाले आणि हे मी आजही ताठ मानेने सांगते. वडील डिचोलीकडे खाणीच्या ट्रकवर, कधीतरी घरी येत. आईला अक्षरओळख नव्हती. बाहेर कोकणी-मराठीचे वाद पेटलेले असायचे. आई भांडायची कोकणीत आणि आरती म्हणायची मराठीत, तिला त्यात काही अडचण दिसत नव्हती.

घुमटीचं छप्पर दरवर्षी नव्या पेंढ्याने शाकारायची गावाची रीत आहे. पेंढ्यातून उंदीर येतात. म्हणून मी अलीकडच्या काठावरच एकेक भारा सोडायला लावून झाडून घ्यायची. होडी वल्हवणारा म्हातारा तारी म्हणायचा, पेंढा झाडायला कॉलेजात कशाला जावं लागतं गो बाय, माझी बायको न शिकताच झाडते. भारेवाले हसायचे. मी त्यांना पुन्हा झाडायला लावायची. कपड्यांना चिकटून रानमोडीचं बी यायचं, त्याची उगवलेली रोपं उपटायची. माझ्या देखत काही वाईट पलीकडे गेलं नाही.

त्या साली अंडी भरपूर होती. मला पणजीच्या ऑफिसातून बोलावणं आलं म्हणून मी गेले. परत येऊन होडीतून उतरले तर कुरव खाली नव्हते. उंच आभाळात घिरट्या घालत ओरडत होते. वाळूत फुटकी टरफलं, एका जागी नुसता पंख. आणि पावलं. कुत्र्याच्या पावलाला नखं उमटतात, मांजराच्या नाही. ही नखांवाचूनची होती.

तारीला विचारलं. तो वल्हं पुसत बसला. शेवटी म्हणाला, “तुज्याच आवयन हाडलां.”

आई पांटी, म्हणजे टोपली, घेऊन आली होती, वरून फडकं बांधलेलं. आत काय ते त्याला आवाजावरून कळलं होतं. बाय रागावेल, असंही तो म्हणाला होता. तर आई म्हणाली, माझी मुलगी तिथे सायबीण आहे, तिच्या आईला कोण अडवणार? त्याने अडवलं नाही. पैसेही घेतले नाहीत.

मांजर आमच्याच घरचं. कोंबडीची पिल्लं खायची चटक त्याला लागली होती. आमच्याकडे मांजर मारत नाहीत, ते पाप. पाण्यापलीकडे नेऊन सोडायचं, म्हणजे त्याला परतीची वाट सापडत नाही. सगळेच करतात. आईने फक्त जागा विचार करून निवडली होती.

“रानांत सोडल्यार कोले खातले,” ती मासे कापता कापता म्हणाली. “थंय तू आसस. तुजी नदर रावतली ताचेर.”

माझी नजर राहील म्हणून. त्या रात्री मी जेवले नाही.

पिंजऱ्यात बांगडा लावला. मांजर फिरकलं नाही. त्याला ताजी अंडी मिळत होती. ऑफिसातले साहेब म्हणाले, विष घालून मोकळ्या व्हा. त्यांचं चूक नव्हतं. मी थोडी मुदत मागितली आणि आईला जुव्यावर घेऊन गेले.

वाळूच्या कडेला उभी राहून तिने जिभेने टकटक करून हाक मारली. खारफुटीतून मांजर आलं, शेपटी उभी करून, आणि तिच्या पायांवर अंग टाकून लोळलं. मी वरून गोणपाट टाकलं.

“मारचें ना मगो ताका?” आईने विचारलं.

नाही मारायचं, घरी नेऊया, मी म्हटलं.

तेव्हा कुठे तिने वाळूकडे पाहिलं. तोवर कुरव तिला कावळ्यांसारखेच, आहेत तर आहेत. ती उकिडवी बसली आणि एका अंड्याला बोटाचं पेर लावलं. पक्षी कधीपासून बसलेला नाही, एवढंच तिने विचारलं. मी सांगितलं. उभ्या जन्मात तिने कोंबड्या पाळल्या होत्या. थंड अंड्याचं काय होतं ते तिला मी सांगायला नको होतं. तरी शाबूत होती तेवढी तिने पदरात घेतली. जुव्यावरून अंडं हलवायची मनाई होती, आणि मनाई करणारी मीच. मी तोंड फिरवून होडीत बसले.

घरी तिने ती खुडूक कोंबडीखाली ठेवली. संध्याकाळी एकेक काढून दिव्यासमोर धरायची, आत काही दिसतं का बघायची, आणि पुन्हा कोंबडीखाली सरकवायची. मांजर पडवीत दोरीला. मग एके सकाळी कोंबडी उठली ती परत बसलीच नाही. अंड्यांचं काय केलं ते आईने सांगितलं नाही. माडाच्या बुडाशी माती उकरलेली मला दिसली.

पुढच्या साली शिमगा उरकल्यावर मी रोज जुव्यावर जाऊन बसायची. वाळू स्वच्छ होती. एकही पाऊल नव्हतं, मांजराचं नाही आणि पाखराचंही नाही. संध्याकाळी दारात पाय ठेवला की आई विचारायची, “आयलीं?”

अजून नाही, मी म्हणायची. नदी गढूळ होऊन होडी बंद झाली, तोपर्यंत ती विचारत राहिली.