जवसाची ढेप आणि आत्याची गोळी

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. दारूविरुद्ध, भोंदू वैद्यांविरुद्ध, बियाण्यातल्या भेसळीविरुद्ध. बाबा लिहायचे, मी तळेगावच्या बाजारात वाटायची. स्वल्पविरामाआधी मला उद्गारचिन्ह कळलं.

दोन हजार सालानंतर मी वर्ध्याला कॉलेजात गेले. एकदा वर्गात बाईंनी सांगितलं, की वनस्पतींमधली प्रथिनं फोडली की त्यांचे बारीक तुकडे होतात, त्यांना पेप्टाइड म्हणतात. रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांच्यावर असे काही तुकडे सोडले, तर पेशींमधला दाह कमी होताना दिसतो. जवसातही असे तुकडे सापडतात. मी बाकावर ताठ झाले. आमचा जवस घाण्यावर जायचा. तेल माणसांना, मागे उरलेला चोथा म्हणजे ढेप म्हशीला. आणि प्रथिनं तर बहुतेक ढेपेतच राहतात!

शनिवारी एसटीतून उतरले ती थेट गोठ्यात. ढेपेचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

"काऊन वं, म्हशीचा घास खाऊन राह्यली?" आत्या दारातून ओरडली. "वर्ध्याची मेस बंद पडली का?"

आत्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या. गोळी रोजची. गोळीने डोकं जड होतं, अशी तिची तक्रार होती. मी तिला आणि बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी तिथेच मथळा लिहिला: 'गोळ्या विसरा, जवस खा!'

"मंग आजपासून मी गोळी बंदच करतो," आत्या खुशीत म्हणाली.

मी हातातली ढेप खाली टाकली. "थांब आत्या! हे बशीत दिसलं. माणसाच्या नसेत काय होते, ते बाईनं नाई सांगितलं."

"पत्रकात असं कदाचित-बिदाचित चालत नाई," बाबा म्हणाले. "कोणी वाचत नाई मंग."

"बाजारातल्या जडीबुटीवाल्याले आपण काय विचारतो, बाबा? माणसावर पुरावा दाखव म्हणतो ना? मंग आपल्या मथळ्याले काऊन नाई विचारायचं?"

बाबांनी मथळा पुन्हा वाचून पाहिला.

"म्हंजे तुले बी ठाऊक नाई?" आत्याने विचारलं.

"नाई."

"एवढी फी भरून?"

"चटणी खाय तू रोज, भाजलेल्या जवसाची. पण गोळी सोडू नोको. डोकं जड होते, ते डॉक्टरले सांगू. मी येतो संगं."

आत्या खट्टू झाली. गोळ्यांचं पाकीट काढलं. मग पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळली आणि कडू तोंड केलं.

"आता एक सांग," ती माझ्याकडे सरकली. "बशीत नस वाढवतात, तर तिले खाऊ काय घालतात?"

मलाही ते जाणून घ्यायचं होतं. तोवर बाबांनी मथळा खोडला होता, आणि तेही कान देऊन बसले होते.