एकदाच बसणारं कडं

दिघीच्या शाळेत प्रयोगशाळेची किल्ली एकवीस वर्षं सुमनताईंच्या कमरेला आहे. तीन मुख्याध्यापक झाले, विज्ञानाचे सात सर येऊन गेले. किल्ली हलली नाही. कागदोपत्री त्या परिचर. म्हणजे परीक्षानळ्या धुवायच्या, प्रयोगाचं सामान मांडून द्यायचं आणि तास सुरू झाला की दाराशी स्टुलावर बसायचं. तास चालू असताना बोलायचं नाही, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी एका सरांनी तो भर वर्गात तोंडी घालून दिला होता. "सुमन, तू बरण्या धू. शिकवायला मी आहे."

त्या दिवसापासून ताई तासाला बोलल्या नाहीत. तास संपल्यावर मात्र त्यांची शाळा भरायची. आवरायला थांबलेल्या पोरींना त्या विचारायच्या, "पाणी भरलेल्या ग्लासावर पुठ्ठा ठेवून उलटा केला, तर पाणी सांडंल का राहील? आधी बोला. बघायचं मागून." कुणी गप्प राहिलं की त्यांना राग यायचा. "चुकलं तर दंड हाय का? बोल की." परभणीकडचा हेल एवढ्या वर्षांत गेला नव्हता, आणि तो घालवावा असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं.

यंदा निरंजन सर आले. सव्वीस वर्षांचे, सांगवीहून बाइकवर येणारे, बोलायला लागले की हात थांबत नाहीत असे. पहिल्याच दिवशी त्यांनी ताईंना स्टुलावर बसवलं आणि स्वतः उभ्याने चहा घेतला. तेवढ्यावर ताईंनी त्यांना आपलं मानलं.

शनिवारी सरांच्या पाठाचं निरीक्षण होतं. संस्थेचे सचिव यशवंतराव येणार होते. त्यांनी मान डोलावली तर सर कायम, नाहीतर जूनपासून दुसरी शाळा. हे यशवंतराव बत्तीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. बेअरिंग बसवण्यात हयात गेलेली.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर सरांनी रिकाम्या बाकांसमोर तालीम सुरू केली. ताई फडक्याने टेबल पुसत ऐकत होत्या.

"गोळा थंड आहे, कड्यातून जातो. तापवला की प्रसरण पावतो, अडकतो. इथपर्यंत पुस्तक," सर म्हणाले. "आता माझा पुस्तकाबाहेरचा प्रश्न. गोळ्याऐवजी कडं तापवलं तर भोक मोठं होईल की लहान?"

"काय हुतंय मग?" ताईंचं फडकं थांबलं.

"लहान. धातू चहूबाजूंनी पसरतो ना, म्हणजे आतल्या बाजूलाही पसरणार. यशवंतराव खूश होतात की नाही बघा."

ताईंच्या डोळ्यांसमोर वडिलांचा भाता आला. वडील लोहारकाम करायचे. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवायचे दिवस ठरलेले असत. गोवऱ्यांच्या जाळात ती पट्टी लालबुंद करायची, चाकावर टाकायची आणि लगेच पाणी ओतायचं. घागर धरायला लहानगी सुमन. थंड धाव चाकावर चढत नसे, तापलेली अलगद बसे.

"सर, आमचे वडील गाडीच्या चाकाला धाव चढवायचे. तापली की ती मोठी व्हायची. आतून बी."

सर हसले. हसण्यात टोमणा नव्हता, घाई होती. "ताई, ती ठोकून बसवतात हो. हे वेगळं. चला, पाऊण तास लागतो घरी जायला."

बाइक गेली. ताईंनी फोन हातात घेतला, सरांचं नाव काढलं आणि पुन्हा बंद केला. परिचराने फोन करून सरांना काय सांगायचं, तुमचं चुकायलंय म्हणून? अकरा वर्षांपूर्वीचं वाक्य अजून कानात होतं.

मग त्यांनी कपाटाचा खालचा खण उघडला. जुन्या पेपरात गुंडाळलेली एक वस्तू होती. लाकडी ठोकळ्यावर उभा पोलादी दांडा आणि सोबत एक जाड कडं. त्यांच्या नवऱ्याने, रोहिदासने, भोसरीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर करून दिलेली. दांडा कड्यापेक्षा केसभर जाड. थंड कडं चढणार नाही, तापलेलं चढेल. "पण ध्यानात ठेव," रोहिदास म्हणाला होता, "एकदा बसलं की निघायचं नाही. एकाच वेळचा खेळ आहे हा." तो खेळ करायचा त्याच दिवशी ते सर बरण्या धुवायचं बोलले. तेव्हापासून ताई दर दिवाळीला त्याला तेल लावून परत गुंडाळून ठेवत होत्या.

शनिवारी ताई सरांना गाठायला लवकर आल्या, तर यशवंतराव त्यांच्याही आधी येऊन मागच्या बाकावर बसलेले. बोलायची सोय उरली नाही. ताईंनी ट्रेमध्ये गोळा ठेवला, कडं ठेवलं, बर्नर ठेवला आणि शेजारी तो दांडा, त्याच्या जाड कड्यासकट.

"हे काय?" सरांनी हळूच विचारलं.

"असू द्या. लागलं तर."

पाठ रंगला. गोळा अडकला तेव्हा आठवीच्या पोरांनी बाक वाजवले. मग सरांनी बाह्या सारल्या आणि प्रश्न टाकला. "कडं तापवलं तर भोक लहान की मोठं?"

"लहान," बहुतेक सगळे म्हणाले.

खिडकीकडची सृष्टी अर्धवट हात वर करून म्हणाली, "सर, माझे पप्पा बेअरिंग तापवून बसवतात. मग ते..." आणि सगळे आपल्याकडे बघताहेत हे दिसल्यावर तिने हात खाली घेतला.

मागच्या बाकावर यशवंतरावांनी चष्मा वर सरकवला. सरांनी खडू उचलला. फळ्यावर 'ल' उमटला.

"सर," दारातून आवाज आला. "बर्नर परत पेटवू का?"

पेटवापेटवी हे परिचराचंच काम. त्याबद्दल कुणी काही म्हणू शकत नव्हतं. पण सर वळले. त्यांनी ताईंचा चेहरा पाहिला, मग ट्रेमधला दांडा पाहिला, आणि त्यांना कालची धाव आठवली. त्यांनी खडू खाली ठेवला.

"मला वाटतं लहान होईल," ते वर्गाला म्हणाले. "पण नुसतं वाटून काय उपयोग? करून बघू."

चौघा पोरांनी ते जाड कडं थंडच दांड्यावर दाबून पाहिलं. चढेना. मग कडं बर्नरवर गेलं. सात-आठ मिनिटं गेली. त्याच्यावर पिवळसर, मग निळसर झाक आली. सरांनी ते सांडशीत धरलं.

"थांबू नका, सर. एका दमात," ताई म्हणाल्या.

कडं दांड्यावरून सरसर उतरलं आणि तळाशी बसलं.

सरांनी फळ्यावरचा 'ल' पुसला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मी चुकलो. सृष्टी बरोबर होती. भोक मोठं का होतं हे मला आत्ता नीट सांगता येत नाहीये." ते दाराकडे वळले. "ताई, तुम्ही सांगाल?"

ताईंनी उंबरा बघितला, मग यशवंतराव, मग पोरं. मग पदर खोचला आणि आत आल्या.

"बारा जण पुढं या. हात धरा, गोल करा. खांद्याला खांदा लागू द्या. तुमी लोखंडाचे कण. आता तापायलात. गरम व्हायलं की शेजारच्याला काय म्हणता?"

"सरक जरा," एक पोरगा म्हणाला.

"मग सरका. हात सोडायचा न्हाई."

पोरं सरकली. गोल फुगला. दोघं टेबलाला टेकली.

"आतली जागा बघा. वाढली का घटली?"

"वाढली."

"आता आत सरकून दाखवा."

पोरं आत सरकली आणि एकमेकांच्या अंगावर कलंडली, पायावर पाय पडले, हशा उसळला.

"आत गेलात की अजून चिकटता. गरमीत चिकटायला कोण जातंय? म्हणून भोक मोठं. कळलं?"

यशवंतराव उठून पुढे आले. त्यांनी निवलेलं कडं ओढून पाहिलं. हललं नाही. "आम्ही बेअरिंग तेलात तापवून बसवायचो," ते म्हणाले. "का म्हणून विचारलं तर फोरमन शिव्या घालायचा." मग सरांकडे वळले. "वर्गासमोर चुकलात तुम्ही."

"हो."

"आणि वर्गासमोरच निस्तरलंत. आमच्याकडे मशीन बंद पडेपर्यंत कुणी कबूल करत नसे." त्यांनी फॉर्म काढला, 'कायम'वर खूण केली आणि उभ्याउभ्याच सही केली. सरांच्या नावाखाली एक ओळ जास्तीची लिहिली: 'पाठात सौ. सुमनताईंचा सहभाग होता.'

संध्याकाळी ताईंनी घरी सगळं सांगितलं. रोहिदास भाकरी मोडता मोडता ऐकत होता.

"म्हणजे खेळ संपला," तो म्हणाला. "आता ते कडं काय निघत नाही. दुसरं करून देऊ?"

"दोन कर," ताई म्हणाल्या. "सरांना सरावाला एक लागंल."